चुन्याचा ठिपका

सासरे: झालंय हे. लाव ठिपका.

सून: हं.

सासरे: हेही झालंय. लाव.

सून: हं.

सासरे: आणि हे पाइपाजवळचं धूड. टिचकी मारली की कसं बोलतंय बघ! एकदम झालंय. लाव.

सून: आबा, याला अजून एकदा ठोका ना.

सासरे: का? चाळीस वर्षं एका टिचकीत सांगतोय, आज दुसरी मारायला लागली म्हणजे झालंच.

सून: सहज म्हटलं.

सासरे: सहज वगैरे काही नाही. बोट बुडव वाटीत आणि लाव. आठ वाजता ती दुकानवाली येणार, आणि तू इथे एकेका कलिंगडाशी गप्पा मारत बसलीस.

सून: गप्पा तुम्ही मारताय. मी नुसती समोर बसून धरतेय.

सासरे: धरणाऱ्याने धरावं, ठोकणाऱ्याने ठोकावं, म्हणून तर अकरा उन्हाळे आपलं सुरळीत चाललंय. चल, पुढचं. वेल तुडवू नकोस.

सून: मी तुडवत नाही, तुमचाच बूट आहे तो.

सासरे: माझा बूट वेलीला ओळखतो. धर. ... झालंय.

सून: हं.

सासरे: आज फार हं हं चाललंय. तोंडाला फडकं बांधलंस म्हणजे जीभही बांधलीस का?

सून: काल ह्यांनी जेवताना परत तेच काढलं. ऐकलंत ना?

सासरे: काय काढलं?

सून: दुकानवाल्या बाईंनी आज नाही म्हटलं, तर पुढच्या वर्षी या पट्ट्यात कलिंगड नाही. सगळा मका.

सासरे: मका! मक्याला काय ठोकून बघणार? कानात वारं शिरल्यासारखं नुसतं सळसळ करतं ते पीक.

सून: ते म्हणतात, शेजारचे कलिंगड कापून दाखवतात, गिऱ्हाईक लाल रंग बघून घेतं. आपण कापत नाही, नुसता चुन्याचा ठिपका लावतो. ठिपक्यावर कोण विश्वास ठेवणार, असं त्यांचं म्हणणं.

सासरे: अख्खा बाजार ठेवतो! माझं एक तरी ठिपक्याचं कलिंगड कधी पांढरं निघालंय? सांग की.

सून: नाही निघालं.

सासरे: मग? त्या बाईला कापलेलं नकोच आहे. कापून दाखवलेलं फळ दुकानात दुपारपर्यंत नासतं. तिला न कापता खात्रीचं हवंय, म्हणून ती शेजाऱ्याचं फाटक ओलांडून आपल्याकडे येतेय. थांब जरा, कंबर धरली. उठतो.

सून: नका उठू! बसा ना, अर्धी ओळ राहिलीय. मी पाणी आणते.

सासरे: पाणी नको. कंबर सरळ करतो आणि जरा मागे वळून बघतो, किती झाली ते.

सून: मागे काय बघायचंय? झाली तेवढी झाली.

सासरे: चार... सहा... नऊ. नऊच?

सून: पानांखाली झाकली असतील.

सासरे: मी सोळा वेळा झालंय म्हटलं.

सून: चुना पातळ झालाय आबा. आंब्याच्या बुंध्यांना लावून उरलेला, त्यात पाणी जास्त पडलं. ओघळला असेल.

सासरे: ओघळून जमिनीत गेला? पाइपाजवळचं धूड कोरडं ठणठणीत आहे. त्याच्यावर बोट टेकलेलंसुद्धा दिसत नाही. सूनबाई, इकडे बघ.

सून: बघतेय.

सासरे: मी झालंय म्हटलं आणि तू ठिपका लावला नाहीस.

सून: नाही लावला.

सासरे: सात वेळा.

सून: सात वेळा.

सासरे: माझ्या जिवंतपणी, माझ्या समोर बसून, माझा शब्द खोटा पाडलास!

सून: शब्द खोटा पडू नये म्हणूनच केलं. ती सात कच्ची आहेत. बाईंनी त्यातलं एक जरी कापायला लावलं असतं, तर तुम्ही तोंडघशी पडला असता. आणि मग मका.

सासरे: कच्ची? तू सांगणार मला कच्ची? तुझे कान केव्हापासून एवढे तिखट झाले? परवा कुकरच्या पाच शिट्ट्या झाल्या तरी तू आपली टोमॅटो बांधत बसली होतीस.

सून: कानाने नाही ओळखत मी. मला त्या आवाजातलं काही कळत नाही, कधीच कळलं नाही.

सासरे: मग?

सून: हाताने. तुम्ही वरून ठोकता, तेव्हा माझे दोन्ही तळहात बाजूला असतात, कलिंगड हलू नये म्हणून. कच्चं असलं की हाताला दगड लागतो. झालेलं असलं की आत काहीतरी हलतं. मांडीवर झोपलेलं मूल कूस बदलतं ना, तेवढंच. पहिली चार-पाच वर्षं मला कळलंच नाही की मला कळतंय.

सासरे: आणि मला सांगितलं नाहीस.

सून: सांगायची वेळच आली नाही! तुम्ही झालंय म्हणायचात आणि माझा हातही तेच म्हणायचा. गेल्या वर्षी तर एकदासुद्धा वेगळं झालं नाही. मी मनात म्हणायची, काय कान आहेत या माणसाचे. आणि आज एकाच ओळीत सात! आबा, खरं सांगा, ताप आहे का तुम्हाला?

सासरे: ताप नाही.

सून: मग रात्री झोप नाही लागली? का चक्कर येतेय? बसा बघू खाली.

सासरे: ते फडकं सोड.

सून: काय?

सासरे: तोंडाचं फडकं. सोड ते.

सून: अहो, ऊन बघा केवढं. मागच्या आठवड्यात नाकाची सालं निघाली माझ्या, म्हणून आज आईंनीच तर बांधून दिलं. अगदी भुवयांपर्यंत आवळलंय.

सासरे: तुझ्या सासूने आज माझा घात केलाय. सोड म्हणतो ना!

सून: सोडलं. हे घ्या. आता काय?

सासरे: आता दिसतेस.

सून: आबा, तुम्ही काय बोलताय, मला खरंच भीती वाटतेय.

सासरे: बस. पेंढ्यावर बस, ओल्यात नको. ... कान गेलेत माझे.

सून: गेलेत म्हणजे? आत्ता तर माझ्याशी बोलताय.

सासरे: समोरून बोललेलं ऐकू येतं. दाराची कडी येते. ट्रॅक्टर येतो. कलिंगडातलं येत नाही. दोन वर्षं झाली. आधी डावा गेला, मग उजव्यातलं बारीकसारीक पुसत गेलं. आता कच्चं, झालेलं, नासकं, सगळी एकाच आवाजात बोलतात. उशीवर थोपटावं तसं.

सून: दोन वर्षं? पण गेल्या वर्षी एकही चुकलं नव्हतं. मी सांगतेय ना, एकही नाही!

सासरे: कसं चुकेल? मी ठोकायचो आणि तुझ्या तोंडाकडे बघायचो.

सून: माझ्या?

सासरे: कच्च्याला तुझी उजवी भुवई वर जाते. झालेल्याला तू खालचा ओठ आत घेतेस. तुला पत्ताही नसतो. मी आपला मान तिरकी करून, कान लावल्यासारखं करून, तुझा ओठ बघत बसायचो. ओठ आत गेला की म्हणायचो, झालंय, लाव ठिपका.

सून: म्हणजे गेल्या वर्षीची सगळी...

सासरे: तुझी. एकूण एक. आणि आज तू आलीस ती नुसते डोळे उघडे ठेवून. मी काय करणार? अंदाजपंचे झालंय झालंय म्हणत सुटलो. म्हटलं, काही तरी बरोबर निघतील.

सून: नऊ निघाली.

सासरे: हो, नऊ निघाली. वाईट नाही. ... रडतेस का?

सून: हसतेय.

सासरे: दोन्ही चाललेलं दिसतंय. चुन्याचा हात डोळ्याला लावू नकोस.

सून: आईंना माहीत आहे?

सासरे: तिला? तिला वाटतं मी मुद्दाम ऐकत नाही. लग्नापासून तिचं तेच मत आहे, त्यामुळे तिला फरक काही जाणवलाच नाही.

सून: आणि मला सांगायला काय झालं होतं हो?

सासरे: काय सांगणार होतो? या पट्ट्यात माझं दुसरं काम काय उरलंय? टोमॅटो तू बांधतेस, काकड्या ती तोडते, फवारणी, पाणी, ट्रॅक्टर सगळं तुझ्या नवऱ्याकडे. माझी एक टिचकी होती. ती गेली म्हटल्यावर मी कडेला खुर्ची टाकून पाखरं हाकायची? लाज वाटली. लाजेपेक्षा भीती जास्त वाटली.

सून: कोणी खुर्चीत बसवत नाही तुम्हाला. ऐका, मी सांगते काय करायचं. बाई आल्या की मी फडकं न बांधता समोर बसते. तुम्ही ठोका, मी तोंड करते. दोन वर्षं चाललं, आज अर्धा तास चालेल.

सासरे: चालेल?

सून: न चालायला काय झालं?

सासरे: भुवई जरा बेताने उचल मग. आता तुला माहीत झालंय, तू नाटकातल्यासारखी उचलशील.

सून: उचलून दाखवू?

सासरे: अगं, ती केसांत जातेय! निम्मी. हां, अशी. ओठ?

सून: असा?

सासरे: असा आत घेतलास तर बाईला वाटेल दात दुखतोय. राहू दे, विचारच करू नकोस. गाडी आली वाटतं. आली ना? तू फाटकाकडे बघितलंस.

सून: आली. पांढरी गाडी. त्याच दिसतात. आबा, माझे हात गार पडलेत.

सासरे: चोळ. तेच हात आज कामाला येणार आहेत.

दुकानवाली: नमस्कार. उशीर नाही ना झाला? मला दहाला दुकान उघडायचंय, म्हणून स्पष्टच बोलते हं, राग नका मानू.

सासरे: बोला, बोला.

दुकानवाली: माझ्या दुकानात येणारं गिऱ्हाईक फार वाईट आहे. कलिंगड पांढरं निघालं तर अर्धं परत आणून काउंटरवर आपटतं. मागच्या वर्षी एका आजोबांनी माझ्या वजनकाट्यावर आपटलं. काटा अजून दुरुस्तीला जातोय. तेव्हा मला कापून दाखवलेलं नको, तोंडी ग्वाहीही नको. तुमच्या ठिपक्याचं माझे वडील सांगायचे. मला ते डोळ्यांनी बघायचंय.

सासरे: बघा की. ही ओळ तुमच्यासाठीच ठेवलीय. मी ठोकतो, सूनबाई समोर बसून धरते...

दुकानवाली: ताई, तुम्ही उठा, मी धरते. समोर बसल्याशिवाय मला काय कळणार?

सून: अहो, तुमचे कपडे! माती आहे, वेली खाजतात...

दुकानवाली: कपडे धुता येतात. गेलेलं गिऱ्हाईक धुऊन परत येत नाही. सरका. हं काका, मी धरलंय. ठोका.

सून: आबा...

दुकानवाली: ठोका ना. थांबलात का?

सासरे: बाई, तुम्ही उठा.

दुकानवाली: का? मी धरलं तर बिघडतं का काही?

सासरे: बिघडतं. कारण मी ठोकतो ते नुसतं दाखवायला. माझे कान दोन वर्षांपूर्वी गेले. मला यातलं ओ की ठो कळत नाही आता.

सून: आबा, कशाला!

सासरे: बोलू दे. खोट्याच्या जिवावर आज विकलं तर उद्या तेच आपल्या काउंटरवर येऊन आपटेल. बाई, गेल्या वर्षी बाजारात ज्या ठिपक्याचं नाव झालं ना, तो हिचा. ओळखणारी ही. मी तिच्या तोंडाकडे बघून बोलत होतो.

दुकानवाली: बरं. मग ताई, तुम्ही ठोका.

सून: मला ठोकता येत नाही.

दुकानवाली: हे आणखी काय नवीन? ठोकता येतं त्यांना ऐकू येत नाही, ओळखता येतं त्यांना ठोकता येत नाही. मी इथे सकाळी सकाळी चाळीस किलोमीटर गाडी चालवत कशाला आले?

सून: तुम्ही ठोका.

दुकानवाली: मी? मला काय कळतंय त्यातलं!

सून: कळायला नको. कसंही ठोका, फक्त वरून आणि मधोमध. मी धरते. ओळीतलं कुठलंही घ्या, तुमच्या मनाचं.

दुकानवाली: कुठलंही? हे घेते.

सून: ठोका. अजून एकदा. ... नाही. हे तीन दिवसांनी.

दुकानवाली: हे?

सून: हे झालंय.

सासरे: ठिपका लावू?

सून: लावा, आबा.

दुकानवाली: हे पानाखालचं?

सून: झालंय. आजच खायला हवं. उद्या रवाळ होईल.

दुकानवाली: आणि ते पाइपाजवळचं? एवढं टपोरं, आणि ठिपका नाही. ते कसं राहिलं?

सासरे: त्याचा विषय नको, बाई.

दुकानवाली: आता तर तेच ठोकणार. धरा ताई.

सून: नाही झालेलं. दिसायला मोठं आहे. अजून आठवडाभर दगड.

दुकानवाली: चाकू आहे का? ही तीन कापायची. तुम्ही झालंय म्हटलेली दोन, आणि हे धूड. एक जरी उलटं निघालं तर मी आपली निघाले. चालेल?

सून: चालेल.

सासरे: चाकू माझ्याकडे आहे. कापतो मी. तेवढं मला जमतं अजून.

(सुरी फिरते. फळ तडकल्याचा आवाज, एक, मग दुसरा. तिसरं कापायला वेळ लागतो.)

दुकानवाली: अरे देवा.

सून: काय झालं? मी बघत नाहीये. आबा, सांगा.

सासरे: डोळे उघड.

सून: आधी सांगा.

सासरे: पहिली दोन लालभडक. बी काळीकुळकुळीत. दुसऱ्याला सुरी टेकवली नि ते आपणहून उकललं.

सून: आणि धूड?

दुकानवाली: पांढरं. मधे जरा गुलाबी, लाजल्यासारखं. अहो ताई, लाल निघालेल्या दोनांचं मला एवढं नाही. लाल कोणाचंही निघतं कधीमधी. पण हे एवढं देखणं फळ मी स्वतः डोळे मिटून उचललं असतं, आणि तुम्ही नुसता हात लावून नको म्हणालात! माझ्या काट्याची आजोबांनी केलेली दशा टळली असती की हो!

सासरे: मी त्याला एकदम झालंय म्हटलं होतं, सकाळी. ठणकावून.

दुकानवाली: आणि?

सासरे: आणि हिने ऐकलं नाही. नशीब माझं.

दुकानवाली: कलिंगडाचा हंगाम संपेपर्यंत दर तिसऱ्या दिवशी माझी गाडी येईल. ठिपका असेल ते सगळं माझं. कापून दाखवायचं नाही, माझ्या माणसांनी ठोकायचं नाही, फक्त ठिपका बघून भरायचं. पुढच्या वर्षीही. लावणार ना पुढच्या वर्षी?

सून: लावणार!

सासरे: केवढ्याने ओरडलीस! मला दोन्ही कानांनी ऐकू आलं.

सून: आबा, मका गेला!

सासरे: गेला! तुझ्या नवऱ्याला हाक मार. म्हणावं, मका आता स्वप्नात पेर. आणि तिलाही बोलाव, म्हणावं, तुझ्या सुनेने आज मैदान मारलंय.

दुकानवाली: आधी एक फोड द्या बघू. नुसतीच लाल आहे की गोडही आहे? ... अहाहा. काका, हे बी कुठलं?

सासरे: घरचं. दर वर्षी सगळ्यांत गोड फळाचं धुऊन, वाळवून ठेवतो. या वर्षी बाटलीवर हिचं नाव घालणार.

सून: काहीतरीच!

दुकानवाली: बरं, गिऱ्हाइकांनी विचारलं तर काय सांगू? ठिपका कोणाचा?

सासरे: सांगा, सुनेचा.

सून: दोघांचा सांगा.

सासरे: सुनेचा सांगा, बाई. माझा म्हणून पुष्कळ वर्षं खपवला.

दुकानवाली: आज मला वीस भरून द्या. तोवर घराकडे जाते, आईंनी मघाशी फाटकावरच चहाला बजावलंय. काकड्याही बघते. त्यांना ठोकायला लागत नाही ना?

सून: नाही. पण आई त्यांच्याशी भांडतात, तेवढं चालवून घ्या.

सासरे: गेली?

सून: वळल्या घराकडे. तुम्ही सगळं सांगून टाकलंत. मला वाटलं, बाई आता गाडीत बसून परत जाणार.

सासरे: मलाही. ती तुझ्या जागेवर बसली नि मी मान वर केली, तर समोर परकंच तोंड. म्हटलं, आता या बाईच्या भुवईवर कलिंगडं विकायची का? त्यापेक्षा खरं सोपं.

सून: हलकं वाटतंय ना?

सासरे: हलकं? मला आज त्या धुडाच्या फोडीसुद्धा गोड लागतील. चल, वीस करायचीत. नवीन दोन तर कापली, म्हणजे नऊच. अजून अकरा हवीत. वाटी माझ्याकडे दे.

सून: तुम्ही ठिपके लावणार?

सासरे: ठोकणारही मीच. माझी टिचकी अजून कुठे गेलीय? कान गेलेत, बोटं शाबूत आहेत. उजव्या हाताने ठोकतो, डाव्याने लावतो. तू फक्त धर आणि बोल. आणि ते फडकं बांध परत. ऊन चढलंय.

सून: फडकं बांधलं तर तुम्हाला माझं तोंड कसं दिसणार?

सासरे: आता कशाला दिसायला हवं? नाक भाजून घेऊ नकोस. बांध. हं, धरलंस?

सून: धरलं.

सासरे: हे घे, ठोकलं.

सून: झालंय, आबा.

सासरे: लावला.